रीडिंग जुळत नाही तेव्हा

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये साध्या दोलकाचा प्रयोग असतो. धाग्याला गोळा टांगायचा, थोडा बाजूला ओढून सोडायचा, वीस झोक्यांना लागलेला वेळ स्टॉपवॉचवर मोजायचा, धाग्याची लांबी बदलून पुन्हा मोजायचा आणि शेवटी गुरुत्वत्वरण काढायचं. उत्तर किती यायला हवं हे शाळेपासून पाठ असतं: ९.८. त्यामुळे बहुतेक जर्नलांमध्ये ते ९.७ ते ९.९ यांच्या मध्येच येतं. कधी खरोखर मोजून येतं, कधी शेजारच्या बॅचच्या जर्नलवरून येतं आणि कधी उलट्या गणिताने येतं. म्हणजे आधी ९.८ धरायचं, त्यावरून वेळ किती यायला हवा ते काढायचं आणि दशांशात थोडी फिरवाफिरव करून रकाने भरायचे. रीडिंग बसवण्याची ही कला सीनियरकडून ज्युनियरकडे फार निष्ठेने जाते.

अशी रीडिंग बसवणारी मुलं लबाड असतात असं मी म्हणणार नाही. प्रयोगाचा जो अर्थ त्यांच्यापर्यंत पोचला आहे, त्याला धरूनच ती वागतात. प्रश्न ठरलेला, कृती छापलेली, उत्तर माहीत आणि दोन तासांनी पुढची बॅच दाराशी उभी. अशा वेळी ९.४ आलं तर ‘का आलं?’ हे विचारायला सवड कुणाला असते? पण तीन वर्षं असं करून झाल्यावर याच मुलांच्या हातात एक दिवस प्रोजेक्ट ठेवला जातो आणि ‘आता संशोधन करा’ असं सांगितलं जातं. तिथे जुळवायला उत्तरच नसतं. पदवीच्या विज्ञान विद्यार्थ्याला संशोधन म्हणजे काय वाटतं आणि प्रत्यक्षात ते कसं भेटतं, यातलं अंतर समजून घ्यायचं तर या दोलकापासूनच सुरुवात करावी लागते.

कारण त्या दोलकात एक गोष्ट लपलेली आहे. दोलकाचा आवर्तकाल फक्त लांबीवर अवलंबून असतो, किती अंशातून सोडला यावर नाही, असं आपण शिकतो. हे पूर्ण खरं नाही, लहान कोनापुरतं जवळपास खरं आहे. एक मीटर लांबीचा दोलक दहा अंशांतून सोडला तर सूत्रापेक्षा साधारण ०.२ टक्के जास्त वेळ घेतो. वीस अंशांतून सोडला तर सुमारे पाऊण टक्का. एका झोक्याला दोन सेकंद धरले, तर या दोन कोनांमधला फरक एका झोक्यात सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा येतो. वीस झोक्यांत तो जेमतेम पाव सेकंद होतो आणि स्टॉपवॉचचं बटण दाबताना आपला हात साधारण तेवढाच चुकतो. म्हणून वीस झोके मोजणाऱ्याला तो कधी दिसत नाही. पन्नास झोके मोजा, चार-पाच वेळा मोजा, सरासरी घ्या. फरक अर्ध्या सेकंदाच्या आसपास जातो आणि डोकं वर काढतो. (झोका हळूहळू लहान होत जातो, त्यामुळे तो गणितापेक्षा थोडा कमीच भरेल. किती कमी, हा पुढचा प्रश्न.) यासाठी नवीन उपकरण लागत नाही. लागतं ते एवढंच, की मोजणाऱ्याला आपल्या आकड्यावर भरवसा ठेवायची आणि पुस्तकावर शंका घ्यायची मुभा हवी.

नेमका हाच प्रयोग कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांना दिला गेला होता. नताशा होम्स, कार्ल वीमन आणि डग बॉन यांनी त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. वीमन म्हणजे २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे. नोबेलनंतर त्यांनी आपला बराच वेळ विज्ञान कसं शिकवावं या प्रश्नाला दिला. या प्रयोगात मुलांना दहा आणि वीस अंशांचे आवर्तकाल मोजून त्यांची तुलना करायला सांगितली. वेगळेपण एवढंच होतं की तुलना झाल्यावर हात झटकून निघायचं नाही. दोन आकडे जुळले तर मोजणी आणखी बारीक करा, नाही जुळले तर का ते शोधा, आणि पुन्हा मोजा. वर्षाच्या ओघात अशी सवय लागलेल्या मुलांनी, नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या मुलांच्या तुलनेत, स्वतःहून आपल्या पद्धतीत सुधारणा सुचवण्याची किंवा करण्याची शक्यता बारापट होती. आणि पुस्तकातलं प्रतिमान कुठे अपुरं पडतं हे आपल्याच आकड्यांवरून ओळखून सांगण्याची शक्यता चौपट. मुलं तशीच होती, फक्त आता त्यांना जुळवायला कुणी सांगत नव्हतं.

होम्स आणि वीमन यांनी पुढे आणखी एक गोष्ट तपासली, ती आपल्याकडच्या प्राध्यापकांना खटकेल. प्रॅक्टिकल कशासाठी, असं विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं: थिअरी पक्की होण्यासाठी. त्यांनी तीन संस्थांमधले असे नऊ प्रयोगशाळा अभ्यासक्रम घेतले आणि प्रॅक्टिकल केलेल्या व न केलेल्या मुलांची लेखी परीक्षेतली कामगिरी ताडून पाहिली. प्रॅक्टिकलशी जोडलेल्या प्रश्नांत फायदा किती झाला? मोजता येईल असा काहीच नाही. ठरीव कृतीच्या प्रॅक्टिकलमध्ये डोकं कशासाठी वापरलं, असं मुलांना विचारलं, तेव्हा आकडेमोड करताना आणि प्रयोग वेळेत आटपेल का याचा अंदाज घेताना, असं उत्तर आलं. हे सगळं परदेशातलं, पण आपल्या कुठल्याही लॅबमध्ये साडेचार वाजता उभं राहिलं तर वेगळं काही ऐकू येईल असं वाटत नाही.

कोलोरॅडो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तयार केलेली एक प्रश्नावली याहून मार्मिक आहे. त्यात प्रयोगाविषयीच्या प्रत्येक विधानावर दोन प्रश्न असतात: तुला स्वतःला काय वाटतं, आणि प्रयोग करणारा भौतिकशास्त्रज्ञ काय म्हणेल? मुलं दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी अचूक देतात. शास्त्रज्ञ कसा विचार करतो हे त्यांना ठाऊक असतं. तो विचार आपल्यासाठी आहे असं मात्र त्यांना वाटत नाही. पहिल्या प्रश्नाला येणारी उत्तरं त्या मानाने मागे राहतात.

आता एक उलटं उदाहरण, आणि तेही इथलंच. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात एक विद्यार्थी स्पेक्ट्रोमीटरवर प्रिझमचा कोन मोजत होता. हे प्रॅक्टिकल आजही आपल्या कॉलेजांत होतं. कोन साठ अंश येतो, जर्नलवर सही मिळते. या मुलाला दुर्बिणीतून पाहताना विवर्तनाचे पट्टे दिसले. प्रकाश तिरपा पडला की दोन बाजूंचे पट्टे सारखे दिसत नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं. जर्नलला त्याचा उपयोग नव्हता. त्याने ते सोडलं नाही, मोजमापं घेतली, गणित मांडलं आणि लेख लिहून प्राध्यापकांना दाखवला. प्राध्यापकांनी तो ठेवून घेतला आणि पुढे काहीच कळवलं नाही. तेव्हा त्याने तो थेट लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’कडे धाडला. नोव्हेंबर १९०६ मध्ये तो छापून आला तेव्हा चंद्रशेखर व्यंकट रामन १८ वर्षांचे होते.

त्याच कॉलेजात दोन तपांनी त्यांचा पुतण्या बीएस्सी ऑनर्स करत होता. १९२८ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आर्नोल्ड झोमरफेल्ड मद्रासला आले. त्यांचं पुस्तक या मुलाने एकट्याने वाचून काढलं होतं, म्हणून तो मोठ्या उत्साहाने त्यांना भेटायला गेला. झोमरफेल्ड म्हणाले की त्या पुस्तकातलं भौतिकशास्त्र आता जुनं झालं, दरम्यान सगळं बदललं आहे. मुलगा हिरमुसला असणार. पण त्यांनी आपल्या नव्या, अजून न छापलेल्या लेखाची मुद्रितं त्याच्या हातात ठेवली. त्यातली नवी सांख्यिकी वापरून त्याने काही महिन्यांत स्वतःचा लेख लिहिला आणि १९२९ मध्ये तो रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर तेव्हा पदवीधरही झालेले नव्हते.

अशी उदाहरणं सांगण्यात एक धोका आहे. ती ऐकून मुलांची समजूत आणखी पक्की होते की संशोधन ही असामान्य बुद्धीच्या माणसांची गोष्ट आहे. रामन आणि चंद्रशेखर असामान्य होतेच. पण मला त्या दोन्ही हकिकतींमधला दुसरा धागा जास्त महत्त्वाचा वाटतो: एकाने जर्नलबाहेरची गोष्ट बघितली आणि ती सोडून दिली नाही, दुसऱ्याला कुणीतरी ताजा, अजून न सुटलेला प्रश्न हातात दिला. यातलं दुसरं तर कुठलाही शिक्षक करू शकतो.

संशोधन म्हणजे काय, असं द्वितीय वर्षाच्या वर्गात विचारून बघा. ‘काहीतरी नवीन शोधून काढणं’ हे उत्तर सगळ्यात आधी येतं. मग महागडी यंत्रं, पांढरा कोट, पीएचडी, पेटंट. म्हणून प्रोजेक्टचा विषय निवडताना मुलांचा ओढा नेहमी मोठ्या गोष्टीकडे असतो: कर्करोगावर औषध, प्लॅस्टिक खाणारे जीवाणू, पाण्यावर चालणारी गाडी. राज्यातल्या विद्यापीठांमध्ये दरवर्षी होणाऱ्या ‘आविष्कार’ स्पर्धेतली पोस्टर्स पाहत फिरलं की ही स्वप्नं रांगेने भेटतात. त्या स्पर्धेचं मला कौतुक आहे. तालुक्याच्या कॉलेजातला मुलगा परीक्षकासमोर उभा राहून आपलं काम स्वतःच्या तोंडाने सांगतो, ही लहान गोष्ट नाही. पण अनेकदा पोस्टरवर प्रश्नचिन्ह एकही नसतं आणि निष्कर्ष सहा असतात.

एक सर्रास आढळणारा प्रोजेक्ट घेऊ: अमुक वनस्पतीच्या पानांच्या अर्काची जीवाणूरोधक क्षमता. कडुनिंब, तुळस, टणटणी, शेवगा, काहीही चालतं. पानं सावलीत वाळवायची, पूड करायची, अल्कोहोलमध्ये भिजत ठेवायची, गाळायची. पेट्री डिशमध्ये जीवाणू पसरायचे, जेलीसारख्या माध्यमात छोटे खड्डे पाडून त्यांत अर्क घालायचा आणि दुसऱ्या दिवशी खड्ड्याभोवती जीवाणू न वाढलेलं मोकळं वर्तुळ, म्हणजे ‘झोन’, पट्टीने मोजायचा. झोन आला की आनंदीआनंद, फोटो काढायचा, निष्कर्ष लिहायचा.

या प्रोजेक्टला नाकं मुरडणारे बरेच आहेत. मी त्यांच्यात नाही, कारण संशोधनाचं मर्म शिकवायला याच्याइतकी स्वस्त जागा क्वचित मिळेल. अल्कोहोल स्वतःच जीवाणू मारतं. मग तो झोन पानांचा की अल्कोहोलचा? हे कळायला शेजारच्या खड्ड्यात नुसतं अल्कोहोल घालून बघावं लागतं. याला कंट्रोल म्हणतात. तो नसेल तर त्या फोटोला काही अर्थ नाही. बरं, अल्कोहोलचाही झोन आला तर? मग अर्क सुकवून, वजन करून, जीवाणूंना न दुखवणाऱ्या द्रावकात विरघळवायचा. ओळखीचं प्रतिजैविक एका खड्ड्यात घालायचं, म्हणजे डिश नीट काम करते आहे हे कळेल. एकच डिश पुरे का? तीन हव्यात. तिन्हींत वेगळे आकडे आले तर? पाऊस पडला, पानं वेगळ्या झाडाची आणली आणि झोनच गायब झाला तर? इथे मुलगी रडकुंडीला येते आणि गाइडकडे जाते. गाइड म्हणाला, ‘अगं, आधीचाच फोटो लाव,’ तर तो प्रोजेक्ट तिथे संपला. ‘बरं, दोन झाडांची पानं वेगवेगळी करून बघूया का?’ असं म्हणाला तर तिथे सुरू झाला.

प्रत्यक्षातलं संशोधन मुलांना असंच भेटतं. ते मुख्यतः न जमण्याचं काम असतं. डिशवर जीवाणूंऐवजी बुरशी येते. रसायन मागवलेलं असतं, ते परीक्षेनंतर पोचतं. इनक्युबेटर रात्री वीज गेल्यावर थंड पडतो. संगणकावरचं प्रोग्रामिंग असेल तर तीन दिवस एका चुकलेल्या चिन्हात जातात. पहिला शोधनिबंध वाचायला घेतला की पहिलं पानही सरकत नाही आणि आपल्याला इंग्रजीच येत नाही अशी खात्री होते. (तसं नसतं, तो निबंध इंग्लंडमधल्या त्याच वयाच्या मुलालाही सरकत नाही.) प्रत्येक अडथळ्याला विद्यार्थी आधी एकच अर्थ लावतो: आपण कच्चे आहोत. हा अडथळा म्हणजेच काम आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, कारण वर्गात ज्या प्रयोगांच्या गोष्टी सांगितल्या जातात ते सगळे यशस्वी झालेले असतात.

अमेरिकेतल्या ग्रिनेल कॉलेजचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लोपाटो यांनी पदवीच्या काळात संशोधन केलेल्या विद्यार्थ्यांना अनेक वर्षं एक साधा प्रश्न विचारला: यातून तुम्हाला काय मिळालं? विषयाचं सखोल ज्ञान किंवा तंत्रं यांबरोबरच मुलांनी वरच्या क्रमांकावर टाकलेली एक गोष्ट होती अडथळे सोसण्याची ताकद. दुसरीही एक गोष्ट अशा अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसते. ज्यांना आधीच संशोधनात जायचं असतं, त्यांचा विचार या अनुभवाने पक्का होतो, आणि काहींना कळतं की हे आपलं काम नाही. या दुसऱ्या गटाला आपण अपयशी समजतो, हे मला चुकीचं वाटतं. दोन महिन्यांत जे कळलं ते पीएचडीच्या चौथ्या वर्षी कळण्यापेक्षा फार स्वस्तात कळलं.

न जमण्याच्या या कामातून कधीकधी काय निघतं, त्याची एक गोष्ट वांग्याची आहे. जीवाणूंना मारणारे विषाणू असतात, त्यांना फाज म्हणतात. माती, शेण, सांडपाणी, कुजलेला पालापाचोळा, सगळीकडे ते असतात आणि प्रत्येक ठिकाणी निराळे. पिट्सबर्ग विद्यापीठातले ग्रॅहम हॅटफुल यांनी हे ओळखलं की इथे नवशिक्या विद्यार्थ्यालाही खरोखर नवीन काही सापडू शकतं. २००८ पासून अमेरिकेतल्या हॉवर्ड ह्यूज संस्थेच्या मदतीने हा अभ्यासक्रमच झाला. पहिल्या वर्षाची मुलं घराजवळची माती आणतात, क्षयाच्या जंतूच्या एका निरुपद्रवी भाऊबंदावर वाढणारा फाज त्यातून वेगळा करतात, त्याला हवं ते नाव देतात आणि त्याचा जनुकीय आराखडा वाचतात. उत्तर शिक्षकालाही माहीत नसतं, कारण तो फाज आजवर कुणी पाहिलेलाच नसतो.

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये अशाच एका अभ्यासक्रमात २०१० साली एका विद्यार्थिनीने कुजलेल्या वांग्याला चिकटलेल्या चिखलातून एक फाज वेगळा केला आणि त्याचं नाव ठेवलं ‘मडी’. तो हॅटफुल यांच्या संग्रहात हजारो भावंडांबरोबर शीतपेटीत जाऊन पडला. पुढे लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात एका १५ वर्षांच्या मुलीवर दोन्ही फुप्फुसांचं प्रत्यारोपण झालं आणि तिच्या अंगात आधीपासून असलेला, क्षयाच्या कुळातल्याच एका जंतूचा संसर्ग शरीरभर पसरला. कुठलंही प्रतिजैविक चालेना. तिच्या जंतूचा नमुना पिट्सबर्गला गेला. हजारो फाजांच्या संग्रहात उपयोगी पडू शकणारे निघाले तीनच, आणि त्यांतही जसाच्या तसा वापरता आला तो मडी. बाकी दोघांच्या जनुकांत फेरफार करावे लागले. २०१८ मध्ये हे मिश्रण तिला दिलं गेलं. संसर्ग मुळासकट गेला नाही, पण आटोक्यात आला, जखमा भरू लागल्या आणि ती घरी गेली. २०१९ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये हे प्रसिद्ध झालं. जनुकीय बदल केलेले फाज माणसावर वापरल्याची ही पहिली नोंद. आपल्याकडे वांग्याला तोटा नाही, चिखलाला तर नाहीच.

तशीच एक नोंद रेडिओ खगोलशास्त्रात आहे. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात डंकन लोरिमर यांनी पदवीच्या एका विद्यार्थ्याला ऑस्ट्रेलियाच्या पार्क्स दुर्बिणीची जुनी, धूळ खात पडलेली निरीक्षणं चाळायला बसवलं. काम कंटाळवाणं होतं. त्याला २००१ च्या नोंदींमध्ये पाच मिलिसेकंदांहूनही कमी टिकलेला एक प्रचंड स्पंद सापडला. २००७ मध्ये तो जाहीर झाला आणि ‘फास्ट रेडिओ बर्स्ट’ ही खगोलशास्त्राची नवीन शाखाच उघडली. त्या लेखाच्या लेखकांत तो विद्यार्थी आहे.

महाराष्ट्रात या प्रकारची दारं नाहीत असं नाही. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘नियस’ हा उपक्रम २००४ मध्ये सुरू केला. त्यात निवडलेली मुलं शास्त्रज्ञांबरोबर सुट्ट्यांमध्ये प्रोजेक्ट करतात. त्याच केंद्रातल्या ‘क्यूब’ गटाने तर प्रयोगशाळाच घरात आणली. पिकलेलं केळं बाटलीत ठेवून फळमाश्या पकडायच्या, डबक्यातून डॅफ्निया आणायचा आणि त्याच्या पारदर्शक अंगातून धडधडणारं हृदय मोजायचं, आणि त्यावर आपापसांत वाद घालायचे. पुण्यात आयुका आणि एनसीआरए या संस्था सुट्टीत विद्यार्थी घेतात, रेडिओ खगोलशास्त्राचं हिवाळी शिबिर भरवतात. मुंबईत टीआयएफआर आहे. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी शिष्यवृत्ती देतात, तिच्यात दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे राहून काम करता येतं. ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्तीत वर्षाला मिळणाऱ्या ८० हजारांपैकी २० हजार उन्हाळी प्रोजेक्टसाठीच असतात.

पण या दारांपर्यंत पोचतं कोण? मोठ्या शहरातल्या नामांकित कॉलेजात हे सगळं पहिल्या वर्षीच कळतं, कारण सीनियर जाऊन आलेले असतात. जिल्ह्याच्या कॉलेजात अर्जाची नोटीस मुदत संपल्यावर लागते किंवा लागतच नाही. उन्हाळ्याचे दोन महिने काही मुलं कमावतात, काही शेतावर असतात. मुलींच्या बाबतीत ‘पुण्यात दोन महिने एकटी कुठे राहणार?’ हा प्रश्न मार्कांच्या आधी येतो. संशोधनाची आवड कुणाला आहे हे ठरण्याआधी, आवड लागण्याइतका वेळ कुणाकडे आहे हे ठरलेलं असतं.

दुसरी अडचण आपण हौसेने ओढवून घेतली आहे. संशोधन म्हणजे पेपर, हे समीकरण आता पदवीच्या मुलांपर्यंत उतरलं आहे. आठ दिवसांत छापून देणारी, पैसे घेणारी नियतकालिकं त्यांच्या मोबाइलवर जाहिराती पाठवतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये एक तपासणी प्रसिद्ध केली होती. यूजीसीच्या तेव्हाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने शिरलेल्या आणि कुठल्याही प्रतिष्ठित सूचीत नसलेल्या नियतकालिकांच्या नमुन्यातली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असं त्यात निघालं. वीस वर्षांच्या मुलाचं नाव अशा ठिकाणी छापून आणणारा गाइड त्याला रीडिंग बसवण्याचीच पुढची पायरी शिकवतो, फक्त फी जास्त असते. ‘नाही आला निकाल’ असं प्रामाणिकपणे लिहिलेली प्रोजेक्टची वही त्या पेपरपेक्षा कितीतरी मोलाची.

आणि आता हे सगळं थोड्या मुलांपुरतं राहणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी चार वर्षांची करता येते आणि चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेणाऱ्याला १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. राज्यातल्या स्वायत्त कॉलेजांत हे २०२३-२४ पासून आणि बहुतेक संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं, म्हणजे संलग्न कॉलेजांतली पहिली मोठी तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाला येईल. त्या वर्षाला प्रवेशाची यूजीसीची अट आहे: पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण. या गुणांत प्रॅक्टिकलचे गुण आले, म्हणजे जर्नल आलं, म्हणजे रीडिंग आली. संशोधनासाठी मुलं निवडण्याच्या चाळणीत, उत्तर जुळवण्यात सगळ्यात तरबेज असलेल्यांना थोडी सवलतच मिळते.

ती अट कॉलेजच्या हातात नाही. पण पहिल्या तीन वर्षांतलं प्रॅक्टिकल बऱ्याच अंशी विभागाच्या हातात असतं. सत्रात दहा प्रयोग असतील तर आठ करा आणि उरलेल्या वेळात प्रत्येक बॅचला एक असा प्रश्न द्या, ज्याचं उत्तर विभागात कुणालाच माहीत नाही: गावातल्या कुठल्या विहिरीचं पाणी पावसाआधी आणि नंतर किती बदलतं, कॉलेजच्या आवारातल्या एकाच जातीच्या दोन झाडांना मोहोर वेगवेगळ्या आठवड्यात का येतो, साध्या स्टॉपवॉचने दोलकाच्या कोनाचा परिणाम किती बारकाईने पकडता येतो. गुण निकालाला नकोत. वहीला द्या, पेनने लिहिलेल्या, खाडाखोड असलेल्या, तारखा टाकलेल्या वहीला. आणि एक्सटर्नल म्हणून जाणाऱ्या प्राध्यापकांनी तोंडी परीक्षेत सूत्र विचारण्याआधी हे विचारावं: तुझं कुठलं रीडिंग जुळलं नाही, आणि मग तू काय केलंस?